भट्टीवरच्या बालवाडीसाठी परदेशी निधी: एफसीआरए नोंदणीचा माझा अनुभव

वाडा-भिवंडी पट्ट्यातल्या वीटभट्ट्यांवर आमचा छोटा ट्रस्ट बालवाड्या चालवतो. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भट्टीवर येतात, पावसाळ्याआधी गावी परततात. तेवढाच आमचा हंगाम. लहान मुलांच्या शिक्षणासाठी अनेक देशांत निधी देणाऱ्या युरोपातल्या एका संस्थेला हे काम आवडलं. बालसंरक्षण धोरण, ताईंचं प्रशिक्षण, मुलांच्या वजन-उंचीच्या नोंदी, सगळं त्यांनी बारकाईने पाहिलं आणि होकार दिला. पण एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा केंद्राचा कायदा, त्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याखेरीज त्यांचा एक युरोही आम्हाला घेता येत नव्हता. आम्ही नोंदणीचा रस्ता धरला.

संस्थेला किमान तीन वर्षं झालेली हवीत आणि गेल्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये तरी खर्च झालेला हवा. यात आम्ही बसत होतो. घोडं अडलं नावांवर. एका विश्वस्त बाईंच्या आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं. धर्मादाय आयुक्तांकडच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे ट्रस्टच्या अधिकृत नोंदीवर, अजून आमचे दिवंगत अध्यक्षच, कारण चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद) मंजूर व्हायचा होता. तो हातात आल्यावरच बाकीचं हललं: दर्पण या सरकारी पोर्टलवर संस्थेची नोंद, प्रत्येक पदाधिकाऱ्याचं प्रतिज्ञापत्र, ऑडिट केलेले हिशेब, एफसी-३ए हा नोंदणीचा अर्ज. माझं ऐकाल तर देणगीदार शोधायच्या आधी परिशिष्ट एकचा ताजा उतारा काढा.

२०२० च्या दुरुस्तीपासून परदेशी पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतच जमा होतो. त्यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही, जवळच्या शाखेतून कागद जातात. तिथून मग आपल्या नेहमीच्या बँकेत वेगळं खातं काढून पैसे वळवता येतात.

खरी डोकेफोड अंदाजपत्रकाची. प्रशासकीय खर्चाची मर्यादा त्याच दुरुस्तीत ५० टक्क्यांवरून २० वर आली. शिकवणाऱ्यांचा पगार त्यात धरत नाहीत, त्यामुळे ताईंचं मानधन सुटलं. पण हिशेबनीस, कार्यालयाचं भाडं, अहवाल लिहिण्याचा खर्च आणि गाडीचा खर्चसुद्धा प्रशासकीय! भट्ट्या विखुरलेल्या; पर्यवेक्षिका पायी फिरणार का? शहरातल्या एका इमारतीत शाळा चालवणाऱ्याला हा नियम जाचणार नाही, आम्हाला जाचतो.

दोन गोष्टींनी मात्र चकित केलं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था या कायद्यात ‘विदेशी स्रोत’ धरल्या जात नाहीत, म्हणजे युनिसेफच्या मदतीला ही अट नाही. उलट आमचे जुने देणगीदार काका न्यू जर्सीत राहतात. अमेरिकी नागरिक झाल्यापासून त्यांचे दिवाळीचे पाच हजारही परदेशी देणगी. भारतीय पासपोर्टवर तिथेच राहणाऱ्या त्यांच्या पुतण्याचे पैसे मात्र देशी.

चौकशीला अधिकारी आले, कार्यालयापेक्षा भट्टीवरच जास्त वेळ थांबले. नोंदणी हाती आली तेव्हा होळी होऊन गेली होती आणि काही भोंगे (भट्टीवरच्या मजुरांच्या झोपड्या) रिकामे व्हायला लागले होते. देणगीदारांनी समजून घेतलं आणि पहिला हप्ता पुढच्या हंगामावर नेला.

नोंदणी पाच वर्षांची असते. परदेशी निधीच्या हिशेबाचं दरवर्षीचं एफसी-४ विवरण ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं, नेमक्या भट्ट्या जोरात असतात तेव्हा. म्हणून आमच्या हिशेबनीस ताईंनी त्यासाठी जून-जुलै राखून ठेवलाय.