व्हिएतनामचा व्हिसा २५ डॉलरचा, बाकीचे पैसे कशाचे?

निकाल आधीच देऊन टाकतो. व्हिएतनाम सोपा देश आहे, त्याचा व्हिसा त्याहून सोपा आहे, आणि तरीही आपल्या सांगली-साताऱ्याकडची निम्मी मंडळी त्यासाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजून येतात. आमच्या गटातल्याही काहींनी मोजले. म्हणून हा वृत्तांत हानोईच्या कॉफीचा नाही. 'हा लाँग' खाडी, होई आन सगळं छान आहे, फोटो सगळीकडे पडलेत, ते बघा. इथे कागदपत्रांचं बोलू.

सगळ्यात वाईट टप्पा व्हिएतनामच्या उत्तरेकडच्या मा पी लेंगच्या घाटात नाही, मोबाइलवर 'व्हिएतनाम ई-व्हिसा' शोधल्यावर येणाऱ्या पहिल्या पाच निकालांत आहे. वर दिसतात त्या बहुतेक जाहिराती. पिवळ्या चांदणीचा लाल झेंडा, सरकारी वाटेल असं नाव, अर्ज हुबेहूब सरकारीसारखा. सगळी माहिती भरून होते, फोटो चढतो, आणि शेवटच्या पानावर रक्कम येते: ६०, ७०, कुठे ९० डॉलर. तोवर अर्धा तास गेलेला असतो, माणूस कंटाळलेला असतो आणि गपगुमान कार्ड टाकतो. धंदा याच कंटाळ्यावर चालतो.

खरी सरकारी साइट ओळखायची खूण एकच: पत्त्याचा शेवट 'जीओव्ही डॉट व्हीएन' असाच हवा. मधे कुठेतरी 'जीओव्ही' आणि शेवटी 'डॉट कॉम' किंवा 'डॉट ओआरजी' असेल तर ती खासगी दुकानदारी. सरकारी दर दोनच आहेत. एकदा प्रवेशाचा व्हिसा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर. 'अर्जंट', 'सुपर अर्जंट', 'दोन तासांत' असे तक्ते दिसले की पान बंद करा. २५ डॉलर म्हणजे सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास. अर्ज नाकारला गेला तर ते परत मिळत नाहीत, हे धरून चाला.

गावातला एजंटही हाच अर्ज याच साइटवर भरतो. त्याने आपल्या कष्टाचे पाचशे-हजार घेतले तर तक्रार नाही, वय झालेल्या माणसाला तेवढी मदत लागतेच. खरी अडचण वेगळी आहे. तो अर्जात स्वतःचा ईमेल टाकतो. अर्जाची स्थिती बघायला आणि व्हिसा उतरवून घ्यायला तीन गोष्टी लागतात: नोंदणी क्रमांक, अर्जातला ईमेल आणि जन्मतारीख. त्यातल्या पहिल्या दोन एजंटकडे राहिल्या की दुरुस्तीची सूचना त्याच्याकडे जाते आणि तुम्हाला फक्त 'होतंय, होतंय' ऐकायला मिळतं. त्यामुळे काम त्याला द्यायचंच असेल तर ईमेल तुमचाच टाकायला लावा आणि नोंदणी क्रमांक त्याच दिवशी मागून घ्या.

आणखी एक जुना प्रकार अजून विकला जातो: 'विमानतळावरच व्हिसा'. दहा-पंधरा डॉलरला एक मंजुरीपत्र देतात, स्वस्त वाटतं. तिथे उतरल्यावर शिक्का मारायचे २५ डॉलर रोख वेगळे, फोटो वेगळे, रांग वेगळी. ई-व्हिसा घरबसल्या मिळत असताना पर्यटकाने याचा नाद करू नये.

१५ ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. दहा दिवसांचा मागा नाहीतर नव्वदचा, पैसे तेवढेच. तरीही लोक अर्जात तिकिटाच्या नेमक्या तारखा भरतात आणि विमान एक दिवस पुढे-मागे झालं की धावपळ करतात. व्हिसावर 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा येतात. त्यांच्या आत कधीही जा, पण 'पासून'च्या आधी एक मिनिटही आत घेत नाहीत. म्हणून सुरुवात उतरण्याच्या एक-दोन दिवस आधीची टाका, शेवट परतीच्या आठवडाभर पुढचा. मुंबईहून जाणारी विमानं बरीचशी रात्रीची असतात. १२ तारखेचं रात्री साडेबाराचं तिकीट म्हणजे ११ तारखेच्या रात्री विमानतळावर पोचायचं. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

नावाच्या रकान्यात आपल्याकडच्या लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. आपल्या पासपोर्टवर 'गिव्हन नेम' या ओळीत स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दोन्ही असतात, आडनाव वेगळ्या ओळीत. तिकीट काढताना मधलं नाव गाळायची सवय असते. व्हिसा अर्जात ते चालणार नाही. पासपोर्टवर जे, जसं, ज्या स्पेलिंगने, तेच पूर्ण. तिकिटावरही तसंच टाका म्हणजे काउंटरवर वाद नको. लग्न झालेल्या बायकांचं नीट बघा. आधार आणि पॅन सासरच्या नावाने, पासपोर्ट माहेरच्या, आणि तिकीट नवऱ्याने हौसेने नव्या नावाने काढलेलं. इथे आधारला कोणी विचारत नाही, पासपोर्टवरचं नाव हेच नाव.

जुन्या काही पासपोर्टवर आडनावाची ओळ कोरीच आहे, सगळं नाव एकाच ओळीत. असा पासपोर्ट घेऊन परदेशी फिरायचा विचार असेल तर आधी तो बदलून घ्या. यूएईने तर एकच नाव असलेल्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसाने येणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून अडवायला सुरुवात केली. सातारा-सांगली दोन्ही जिल्हे पुणे पासपोर्ट कार्यालयाखाली येतात, पण पोस्टातली पासपोर्ट केंद्रं दोन्हीकडे आहेत, पुण्याला पळायची गरज नाही. ३६ पानी पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये. मुदत उतरण्याच्या दिवसापासून निदान सहा महिने शिल्लक हवी. साडेपाच महिने उरलेत म्हणून 'बघू, चालतंय का' असं म्हणणारे मुंबईतूनच परत येतात.

पासपोर्ट क्रमांकात शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची गल्लत होते. भारतीय पासपोर्ट क्रमांक म्हणजे एक अक्षर आणि पुढे सात आकडे. पहिल्या अक्षरानंतर जे गोल दिसेल ते शून्यच. विषय संपला.

फोटो दोन चढवायचे असतात, चेहऱ्याचा आणि पासपोर्टच्या माहितीपानाचा. चेहरा समोर बघणारा, चष्मा काढून, मागे पांढरी भिंत. माहितीपान पूर्ण दिसायला हवं, विशेषतः खालच्या दोन ओळी, ज्यात बाणासारख्या खुणा असतात. मोबाइलचं स्कॅनिंग ॲप कडा कापताना नेमक्या त्याच ओळी उडवतं, आणि ट्यूबलाइटखाली काढला तर पानावर चकाकी येऊन जन्मतारीख गायब होते. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढा. अर्ज परत येण्याचं हे फार सामान्य कारण आहे.

प्रवेशाचं ठिकाण विचारतात तिथे विमान व्हिएतनाममध्ये पहिल्यांदा जिथे टेकतं ते टाका. मुंबई-हानोई-दा नांग असं तिकीट असेल तर इमिग्रेशन हानोईला होतं, म्हणून हानोईचा नोई बाई विमानतळ. हॉटेल दा नांगला आहे म्हणून दा नांग लिहिणारे कमी नाहीत.

कंबोडियातलं अंगकोर वाट जोडून करायचं असेल तर २५ वाचवू नका, ५० चाच घ्या. एकदा प्रवेशाचा व्हिसा देशाबाहेर पाऊल टाकताच संपतो, तारीख कितीही शिल्लक असो. अंगकोर बघून हो ची मिन्हला परत येताना नवा व्हिसा लागेल, आणि तो अंगकोरजवळच्या सिएम रीप शहरातल्या हॉटेलात बसून काढणं म्हणजे सुट्टीची माती. फक्त फू क्वोक बेटावरच जाणाऱ्यांना ३० दिवस व्हिसा लागत नाही. पण तिथून मुख्य भूमीवर यायचं असेल तर लागतो, आणि एजंट हे दुसरं वाक्य सांगत नाहीत.

पैसे भरताना सहकारी बँकेचं रुपे कार्ड घेऊन बसू नका. व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड हवं, आणि बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहाराचा खटका चालू केलेला हवा. तो मुळात बंद असतो. व्यवहार अडकला तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका, नोंदणी क्रमांकाने स्थिती बघा, पैसे पोचले असतील तर तिथे दिसतं. एकदा पैसे गेले की आपल्या मनाने अर्ज बदलता येत नाही. चूक मोठी असेल तर नवा अर्ज आणि नवे २५ डॉलर.

सांगतात तीन कामाचे दिवस. शनिवार-रविवार धरत नाहीत आणि त्यांच्या सुट्ट्याही धरत नाहीत. तेत, म्हणजे त्यांचं नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येतं आणि तेव्हा कचेऱ्या आठवडाभर थंड असतात. ३० एप्रिल आणि १ मे जोडून सुट्टी, २ सप्टेंबरला राष्ट्रीय दिन. आपल्याकडे शाळा सुटल्यावर लोक अर्ज भरतात नेमका एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, आणि मग 'तिकडचं सरकार झोपलंय' म्हणतात. तीन आठवडे आधी भरा. रोज एकदा साइटवर जाऊन स्थिती बघा, ईमेलवर विसंबू नका, तो स्पॅममध्ये पडलेला असतो. 'दुरुस्ती हवी' असं आलं तर त्याच दिवशी करा.

व्हिसा म्हणजे एक पीडीएफ. पासपोर्टवर स्टिकर लागत नाही. आल्याबरोबर नाव, क्रमांक, जन्मतारीख, दोन्ही तारखा आणि किती वेळा प्रवेश हे बोट ठेवून वाचा. दोन छापील प्रती काढा. मोबाइलवर दाखवून भागेल असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, मुंबईच्या काउंटरवर कागदच मागतात, सोबत परतीचं तिकीट.

मुंबईला जायला मिरज, सांगली, कराड, साताऱ्याहून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस बरी. सकाळी मुंबईत, रात्रीच्या विमानाला अख्खा दिवस हाताशी. रविवारी संध्याकाळी गाडीने निघाल तर खंबाटकी आणि एक्सप्रेसवे मिळून तुमचा घामटा काढतील. काउंटर साधारण विमानाच्या तासभर आधी बंद होतं आणि घाटातल्या ट्रकचं कारण तिथे चालत नाही.

हानोईला उतरल्यावर पासपोर्ट आणि छापील व्हिसा द्यायचा, शिक्का घ्यायचा. खिडकी सोडण्याआधी शिक्क्याची तारीख वाचा. नावाची पाटी धरून 'फास्ट ट्रॅक'वाले उभे असतात. पुढचं विमान तोंडावर नसेल तर तो खर्च फुकट.

आता 'हा ज्यांग', म्हणजे व्हिएतनामच्या उत्तरेचा डोंगराळ भाग, मा पी लेंगचा घाट इथलाच. डोंगराची सवय असलेल्याला तिथे दमायला होणार नाही, प्रश्न गाडीचा आहे. भाड्याची बाइक पासपोर्ट ठेवून कोणीही देतं. पण भारताचा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा, आणि व्हिएतनाम मानतं १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा. म्हणजे एमएच-१० किंवा एमएच-११ च्या आरटीओत हजार रुपये भरून आणलेली ती पुस्तिका तिथे कागद आहे. पोलिसांनी धरलं तर दंड, हा छोटा भाग. पडलात तर विमा कंपनी 'वैध परवाना नव्हता' म्हणून हात वर करते, आणि परदेशातलं हाडाचं ऑपरेशन स्वतःच्या खिशातून. भाड्याने देणारा 'इंडियन लायसन्स ओके' म्हणेल. त्याचं काय जातंय. पन्नास सीसीखालच्या गाडीला परवाना लागत नाही, पण त्या चढाला ती काय कामाची? स्थानिक चालकाच्या मागे बसून जा, त्याला 'ईझी रायडर' म्हणतात. महाग पडतं, तरी तेच करा. बाइकवर मान न वळवता घाट बघायला मिळतो, हा वरचा फायदा.

तिथलाच डोंग वान, मेओ वाकचा भाग चीनच्या सीमेला लागून आहे, तिथे फिरायला परदेशी माणसाला वेगळी परवानगी काढावी लागते. राहण्याची सोय करणारे ती काढून देतात. ठरवलेल्या रकमेत ती धरली आहे का, हे आधी विचारा, नाहीतर निघायच्या सकाळी वाढीव आकडा येतो. पासपोर्ट मूळचाच जवळ ठेवा, भाड्याच्या दुकानात गहाण नको.

नोटांकडे लक्ष द्या. एक रुपया म्हणजे साधारण ३०० डोंग, त्यामुळे शून्यांनी डोकं गरगरतं. २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळ्या आहेत. रात्री टॅक्सीत सत्तर रुपयांच्या जागी सोळा-सतराशे रुपये देऊन बसाल, आणि टॅक्सीवाला आठवण करून देणार नाही. पाच लाखांच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवा. डॉलर नेणार असाल तर कोरे, न लिहिलेले, न फाटलेले. ५,००० डॉलरच्या वर रोख असेल तर कस्टमला सांगावं लागतं. आणि गटात कोणाकडे ई-सिगारेट असेल तर ती घरी ठेवायला सांगा, १ जानेवारी २०२५ पासून तिथे बंदी आहे.

उरलेले डोंग हानोईतच बदलून टाका. मुंबईत कोणी घेतलेच तर पडत्या भावात घेतात, आणि साताऱ्यात तर ते फक्त पोरांना खेळायला.