उलटं करून बघा, मग ठेवा

जुन्या सामानाच्या विक्रीत कधीकधी लोखंडी कड्यात अडकवलेला काचेचा गोळा दिसतो. आत लाल किंवा बिनरंगी पाण्यासारखं काहीतरी हलत असतं. कुणी त्याला दिव्याची हंडी समजतं, कुणी शोभेची वस्तू. खरं तर तो आग विझवायचा गोळा असतो, आगीवर फेकून फोडायचा. सुरुवातीच्या गोळ्यांत मिठाचं पाणी भरत. विसाव्या शतकातल्या बऱ्याच गोळ्यांत मात्र कार्बन टेट्राक्लोराइड असतं. त्याची वाफ यकृताचं नुकसान करते, आणि ते तापलं की फॉस्जीन तयार होतो, पहिल्या महायुद्धात वापरलेला तोच विषारी वायू. आत नेमकं काय आहे ते बाहेरून ओळखता येत नाही. त्यामुळे हा गोळा कितीही देखणा असला तरी घेऊ नका. घरात आधीपासून असेल तर मोरीत ओतू नका, न फोडता घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

असल्या ढिगाऱ्यातून चांगलं काही हाती लागतं त्यात नशीब थोडंच असतं. बाकीचं श्रेय वस्तू उलटी करून बघायच्या सवयीला. समोरची बाजू सगळेच बघतात, विकणाराही. माहिती तळाला, पाठीला, झाकणाच्या आत आणि स्क्रूच्या डोक्यावर असते. खिशात पाच गोष्टी पुरतात: दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटं चुंबक, मोजपट्टी, साधा टॉर्च आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. स्वस्तात मिळणारा टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरचा असतो. त्याचा जांभळा उजेड स्वतःच इतका असतो की मंद चमक त्यात बुडून जाते.

अतिनील टॉर्चने आधी पिवळट-हिरव्या काचेच्या वस्तू बघा. युरेनियमची काच झगझगीत हिरवी पेटते, अगदी काठापासून तळापर्यंत. तिच्यात युरेनियमचं प्रमाण साधारणपणे वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असतं. कपाटात ठेवायला हरकत नाही, पण तिच्यात खाणंपिणं करू नये, आंबट पदार्थ तर नकोच. मँगनीज असलेली काचही हिरवी चमकते, पण फिकी. नवखे इथेच फसतात. नारिंगी-पिवळी चमक दिसली तर कॅडमियम असण्याची शक्यता जास्त. हाच टॉर्च कागदावरही चालतो. साधारण १९५० नंतरच्या कागदात उजळपणासाठी मिसळलेली रसायनं निळसर-पांढरी चमकतात. 'शंभर वर्षांपूर्वीचं' पोस्टकार्ड असं लखलखलं तर ते नंतर छापलेलं आहे. चिनी मातीच्या भांड्याची डागडुजीही त्या उजेडात वेगळ्या रंगाची दिसते.

अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही पट्टीला आपण सर्रास 'रेडियम' म्हणतो. जुन्या गजराच्या घड्याळांच्या काट्यांवर मात्र बऱ्याचदा खरोखरचं, किरणोत्सारी रेडियम असतं. ते आता चमकत नाही, म्हणून लोक ते निरुपद्रवी समजतात. चमक गेली ती सोबतचं झिंक सल्फाइड झिजल्यामुळे. रेडियम-२२६ चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षं आहे, म्हणजे ते जवळजवळ होतं तेवढंच शिल्लक आहे. असं घड्याळ उघडायचं नाही आणि काच फुटलेलं तर घ्यायचंच नाही, कारण सुटलेल्या रंगाची पूड श्वासात जाते. तबकडीच्या तळाशी 'टी' हे रोमन अक्षर असेल तर तो ट्रिटियमचा, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचा रंग. त्याचा अर्धायुकाल सव्वाबारा वर्षांचा, त्यामुळे तोही एव्हाना विझलेला असतो.

जुने फोटो निम्म्या मिनिटात ओळखता येतात. हातात धरून तिरका केल्यावर आरशासारखा चकाकला आणि चित्र उजळ-काळं उलटं व्हायला लागलं, तर तो डॅगेरोटाइप, १८३९ नंतरच्या दोनेक दशकांतला. चुंबक चिकटलं तर टिनटाइप, कारण तो लोखंडी पत्र्यावर असतो. काचेवरचा आणि मागे काळा लेप किंवा कापड असलेला अँब्रोटाइप. डॅगेरोटाइपची काच काढून आतला पत्रा पुसायचा मोह आवरा. चित्र पत्र्यात कोरलेलं नसतं, वर बसलेल्या अतिसूक्ष्म कणांचं असतं. मऊ फडक्याच्या एका फटक्यात चेहरा जातो आणि तो परत येत नाही.

कॅमेऱ्याचं पाठचं झाकण उघडण्याआधी रीळ गुंडाळायची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. अडली तर आत रीळ आहे. मग तळातलं बटण दाबून ते पूर्ण गुंडाळून घ्या आणि नंतरच झाकण उघडा. पुढची चूक महागाची: कृष्णधवल रीळ रंगीत फिल्मच्या सी-४१ रसायनांत दिलं जातं. त्या प्रक्रियेत चांदी धुऊन काढतात आणि कृष्णधवल चित्र म्हणजेच ती चांदी, त्यामुळे कोरी पट्टी हाती येते. म्हणून रिळावरचं नाव आधी वाचा. कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची जुनी रंगीत फिल्म, असेल तर रंग विसरा. ते धुणारी शेवटची प्रयोगशाळा कॅन्ससमधल्या पार्सन्सची होती आणि तिने २०१० अखेर रिळं घेणं थांबवलं. कृष्णधवल पद्धतीने त्यातून चित्र निघू शकतं, धुरकट का होईना.

भिंतीवरच्या चित्राला आधी भिंग लावा. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली की ते छापील आहे, सही कुणाचीही असो. मग ते पालथं करा. पाठीचा पुठ्ठा, खिळे, जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे यांवरून चौकट कधी बांधली ते कळतं, आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये काहीही असू शकतं. पेन्सिल्व्हेनियातल्या ॲडम्सटाउनच्या जुन्या बाजारात १९८९ साली एकाने चार डॉलरना एक चित्र घेतलं, तेही फक्त चौकटीसाठी. चौकट हातात सुटली आणि चित्रामागून अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची १७७६ मधली पहिल्या छपाईची प्रत निघाली. १९९१ मध्ये ती लिलावात २४ लाख २० हजार डॉलरला गेली. पण दुकानातच फ्रेम फोडत बसू नका. उचलून उन्हासमोर धरा, कडांनी थर मोजा.

सगळ्यात मजा लाकडी लेखनपेट्यांत. एकोणिसाव्या शतकातल्या, उघडल्यावर उतरतं टेबल होणाऱ्या पेट्यांना चोरकप्पे सर्रास असत. ते शोधायला जादू लागत नाही, मोजपट्टी लागते. वरच्या भागात टाक ठेवायची लांब खाच आणि दोन्ही बाजूंना दौतींची घरं असतात. खाचेची खोली मोजा, मग पेटीची बाहेरून उंची मोजा. खाच अडीच सेंटिमीटर आणि तो भाग आठ-नऊ सेंटिमीटर उंच असेल, तर खाचेखाली काय आहे हा प्रश्न विचारायला हवा. आता उतरत्या फळीचा वरचा भाग उचला, म्हणजे खाचेखालची उभी पट्टी समोर येते. दौतीच्या घरातली दौत काढून तिथल्या आडव्या-उभ्या पट्ट्या एकेक करून दाबा, वर ओढून बघा. त्यातली एखादी किंचित दबते, आतली धातूची स्प्रिंगपट्टी सुटते आणि ती उभी पट्टी पुढे उडी मारते. मागे दोन-तीन इवलेसे खण, ओढायला रिबिनीचे तुकडे. बहुतेक वेळा आत धूळ असते, कधी केसांची बट, कधी हिशेबाचा चिठोरा.

पट्टी हलत नसेल तर स्क्रू ड्रायव्हर घालायचा नाही. तिची जाडी जेमतेम काही मिलिमीटर असते आणि ती उभी चिरते. लाकूड दमटपणाने फुगलेलं असतं, म्हणून पेटी कोरड्या जागी उघडी ठेवून दोन आठवड्यांनी पुन्हा प्रयत्न करा. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर सावध व्हा. फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकातला. त्याआधीच्या पेटीत तो असेल तर कुणीतरी दुरुस्ती केलेली आहे किंवा पेटी जुनी नाही.

'बंद आहे' म्हणून टाकलेल्या टाइपरायटरचं बऱ्याचदा काहीच बिघडलेलं नसतं. सोबत न्यायच्या यंत्रांत रूळगाडा प्रवासात हलू नये म्हणून एक खटका असतो. तो लागलेला असला की गाडा जागचा हलत नाही आणि विकणारा ते बिघडलेलं समजतो. गाड्याच्या दोन्ही टोकांना आणि चौकटीत तो शोधा. गाडा सुटला की हाताने उजवीकडे ढकला. ओढ जाणवली पाहिजे. ढकलताना तो सैल गेला तर गाडा ओढणारी दोरी तुटली आहे. मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यानेही ते काम भागतं. अक्षरांचे दांडे वर जाऊन अडकून राहत असतील तर खाचांत तेल घट्ट झालेलं असतं. मिनरल टर्पेंटाइन आणि दातांचा ब्रश घेऊन ते काढा, आणि पुन्हा तेल घालू नका. तिथे तेल घालणं हीच मूळ चूक. रिबिनीची रुंदी बहुतेक यंत्रांत १२.७ मिलिमीटर, त्यामुळे ती अजून मिळते.

चांदीबद्दल थोडक्यात. ९२५ आकडा असेल तर चांदी, ई.पी.एन.एस. असेल तर जर्मन सिल्व्हरवर नुसता मुलामा. चुंबक इथे निम्माच उपयोगी, कारण पितळही त्याला चिकटत नाही. उंचवट्यांवर पिवळं डोकावतंय का ते बघा.

आणि नाव दिसलं तर शोधा. अमेरिकेतल्या एका भंगारवाल्याने सोन्याच्या वजनावर सुमारे १४ हजार डॉलरना आठ सेंटिमीटरचं एक सोनेरी अंडं घेतलं होतं, वितळवायला. तेवढे पैसे द्यायला गिऱ्हाईक मिळेना. शेवटी २०१२ मध्ये त्याने आतल्या घड्याळावरचं 'व्हाशरॉन कॉन्स्टँटिन' हे घड्याळ कंपनीचं नाव इंटरनेटवर टाकून बघितलं. ते १८८७ मधलं, रशियाच्या झारने राणीला दिलेलं, जवाहिऱ्या फॅबर्जेचं अंडं निघालं.

घरी आणल्यावर कापडी, पुस्तकी आणि शिवणी असलेलं सामान लगेच कपाटात नको. ढेकणांची शंका असेल तर पिशवी घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान चार दिवस ठेवा. मधे दार उघडझाप केली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

राहिली कोडी. दाबल्यावर मिटण्याऐवजी टोकं फाकणारा लाकडी चिमटा म्हणजे कातडी हातमोज्यांची बोटं सैल करायचं साधन. ज्याच्या काठाला आतून अर्धचंद्रासारखी पट्टी असते तो कप मिशीवाल्यांचा, मिशी चहात भिजू नये म्हणून. कान उजवीकडे धरल्यावर पट्टी आपल्या बाजूला येत असेल तर तो नेहमीचा. डावखुऱ्यांसाठीचे खूप कमी होते, म्हणून त्यांच्या नकला निघाल्या. असा कप मिळाला तर तळ बघितल्याशिवाय पैसे काढू नका.