खिंडसीच्या मुरमावर बोट चढवताना

विदर्भातल्या तलावांवर बोट उतरवायला सिमेंटचा उतार क्वचितच मिळतो. रामटेकजवळच्या खिंडसीला आम्ही ज्या काठावरून पाण्यात जातो तिथे मुरूम आहे, आणि पाणी ओसरलं की मुरमाच्या पुढे चिखल. उतारही इतका मंद की ट्रेलर पुरेसा बुडेपर्यंत गाडीचा सायलेन्सर पाण्याला टेकायला येतो. बोट उतरवणं तरी जमतं. खरी फजिती परतीला होते. वारा आडवा, बोट तिरकी, दोघं कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ढकलतायत आणि तिसरा विंच, म्हणजे पट्टा गुंडाळून बोट ट्रेलरवर ओढायची चरखी, फिरवतोय, हे दृश्य इथे नेहमीचं. या हिवाळ्यात जाण्याआधी म्हणून ट्रेलरवरच काम केलं.

आमची बोट १२ फुटी, फायबरची, मागे छोटं इंजिन. पहिलं काम लाकडी पट्ट्यांचं, ज्यांवर बोटीचा तळ टेकतो. नागपूरच्या लकडगंजातून सागवान आणलं. आपल्याकडच्या सागाला पाण्याचं भय कमी. पट्ट्या बोटीच्या मागच्या सपाट फळीच्या थेट खालपर्यंत पोचल्या पाहिजेत. अलीकडेच संपल्या तर इंजिनाचं वजन अधांतरी राहतं आणि काही वर्षांत फायबरच्या तळाला बाक येतो. पट्ट्यांवर सतरंजीसारखं जाड कापड लावायची पद्धत आहे, पण ओलं झालं की ते बोट धरून ठेवतं. आम्ही वर प्लॅस्टिकच्या जाड, गुळगुळीत पट्ट्या बसवल्या, स्क्रूची डोकी आत बुडवून. बोट आता लोण्यासारखी सरकते. म्हणूनच ट्रेलर पाण्यात जाईपर्यंत विंचचा पट्टा सोडायचा नाही, नाहीतर ती मुरमावर उतरेल.

दुसरं काम मागच्या दोन उभ्या खांबांचं, आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. ट्रेलर पाण्याखाली गेला की तो नेमका कुठे आहे हेच कळत नाही. खांब वर दिसत राहतात आणि दोघांच्या मधून बोट आणायची एवढंच काम उरतं. नागपुरातल्याच लोहा ओळीतून लोखंडी पाइप घेतले, त्यांवर थोडा मोठा पीव्हीसी पाइप सैल चढवला. बोट घासली की तो गोल फिरतो, रंग खरवडत नाही. बोट आणि खांब यांच्यात दोन्हीकडे हाताची दोन-दोन बोटं मावतील एवढी जागा ठेवली. वाडीतला वेल्डर म्हणत होता, ‘वेल्डिंग मारून देतो ना भाऊ, जन्मभर हालत नाही.’ न हलणं हीच अडचण. पहिल्या चढाईनंतर खांब थोडे आत-बाहेर करावे लागतातच, म्हणून ते यू-क्लॅम्पने चौकटीला कसावेत. लाकडी पट्ट्यांना तर मुळीच जोडू नयेत.

तिसरं, विंचचा खांब. बोटीच्या टोकाची कडी रबरी रोलरच्या खाली येऊन बसली पाहिजे, वर नाही. मग ट्रेलर उतारावरून सपाटीला येताना टोक उसळत नाही. खांब पुढे-मागे सरकवून वजनही जुळवता येतं. गाडीच्या हुकावर एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार असावा. बोट, इंजिन, ट्रेलर मिळून ३०० किलो असेल तर १५ ते ३० किलो. घरातला वजनकाटा यासाठी पुरतो. भार कमी पडला तर महामार्गावर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर, मग महामार्ग सोडून रामटेक. सगळं मिळून ५०-५५ किलोमीटर. मनसरला चहाला थांबा आणि ट्रेलरच्या चाकाच्या मधल्या हबला हात लावून बघा. चटका बसत असेल तर बेअरिंगचं काहीतरी बिनसलंय. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास मात्र रामटेकमधून ट्रेलर नेऊ नका, यात्रेच्या गर्दीत वळवायला जागा नसते. कायद्याने ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच, तेव्हा नोंदणीचे कागद गाडीत असू द्या. तलावावर बोट घालायची परवानगीही आधी विचारून ठेवावी. लाइफ जॅकेटबद्दल वेगळं सांगायला नको.

काठावर पोचलात की लगेच पाण्यात शिरू नका. धावून तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि पाणी सीलमधून आत ओढलं जातं. बेअरिंग असेच मरतात. तेवढ्या वेळात दिव्यांची वायर काढा, बोटीच्या तळाचं बूच लावा आणि एखाद्या मासेमाराला जागा विचारा. आम्हाला एकाने दुरूनच हात केला, ‘तिकडून नोका नेऊ भाऊ, गारा आहे. इकडून घ्या.’ गारा म्हणजे चिखल. त्याने दाखवलेल्या जागी चाकं रुतली नाहीत. जाळी कुठे लावलीत तेही त्याच्याकडूनच कळलं.

मंद उतारावर आम्ही ट्रेलर गाडीपासून सोडवतो, जाड दोर बांधतो आणि हाताने पाण्यात ढकलतो. पुढच्या छोट्या चाकाखाली फळी टाकायची, नाहीतर ते मुरमातही घुसतं. गाडी हँडब्रेकवर, चाकांना दगड. परतीला गाडीनेच दोर ओढायचा, आणि ताणलेल्या दोराजवळ किंवा ट्रेलरच्या मागे कोणी उभं राहायचं नाही, पोरांना तर लांबच ठेवा.

ट्रेलर किती बुडवायचा, यावर सगळं अवलंबून आहे. खोल गेला की बोट पट्ट्यांवर तरंगतच राहते, आणि बाहेर ओढताना वाकडी बसते, खांब असूनही. उथळ राहिला तर विंचला सगळं वजन ओढावं लागतं. लाकडी पट्ट्यांची पुढची टोकं पाण्याबाहेर राहतील इतकंच बुडवा. बोटीचं टोक आधी टेकतं, तिच्या तळाचा कणा मधल्या रोलरवर येतो आणि ट्रेलर वर येताना मागची बाजू आपसूक खाली बसते. या वेळी दुपारनंतर वारा चांगलाच सुटला होता. बोट वाऱ्याच्या बाजूने थोडी आधीच वळवून आणली, ती सरकत दुसऱ्या खांबाला टेकली आणि सरळ झाली. विंच एकट्याने फिरवला.

निघण्याआधी विंचच्या पट्ट्याबरोबर टोकाला वेगळी साखळी आणि मागे दोन्हीकडे रॅचेटचे पट्टे हवेतच. तळाचं बूच काढून पाणी जाऊ द्या. घरी हबला नवं ग्रीस भरलं. आमच्या ट्रेलरची पुढची दोन्ही टोकं अजून रात्री दिसत नाहीत, त्यांना चमकपट्टी लावायची आहे.