वाटीभर गंजक्या टाचण्या

रविवार, रात्री

लेकीने पाठवलेला स्कॅनर आज एकदाचा खोक्यातून काढला. लाटण्यापेक्षा जरा जाड, लांबीला साधारण तेवढाच, वजनाला अर्धा किलोसुद्धा नाही. वेगळा प्लग नाही, लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो. एकीकडून कागद सरकवायचा, तो पाच-सहा सेकंदांत दुसरीकडून बाहेर येतो. सासूबाई चष्मा लावून जवळ आल्या नि म्हणाल्या, "शेवयांचं यंत्र का गं?" पहिला कागद बाहेर आला तेव्हा त्यांनी सवयीने खाली हात धरला.

लेकीचा हट्ट जुना आहे. 2024 च्या ऑगस्टपासूनचा. त्या आठवड्यात आमच्या बडोद्याची विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 25. आम्ही समा भागात राहतो, तळमजल्यावर. मगरी रस्त्यांवर आल्या त्याचे व्हिडिओ सगळ्या देशाने बघितले. आमच्या दिवाणाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेचा कोणी काढला नाही.

मी कॉलेजच्या लायब्ररीत तीस वर्षं काढली. भिजलेला कागद लगेच सुकवता येत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे बुरशी थांबते, आणि जे काय करायचं ते दोन दिवसांच्या आत करावं, हे मी नव्या मुलींना स्वतः शिकवलंय. सगळं तोंडपाठ. आणि घरात तीन दिवस लाईट नाही! मग गच्चीच्या जिन्यात दोऱ्या बांधल्या, कागदांच्या मध्ये वर्तमानपत्रं घातली, आणि वरच्या मजल्यावरच्या बेनना रोज म्हणत राहिले, "बस, आज काढते हं." पंधरा दिवस त्यांच्या जिन्यात आमच्या घराची कागदपत्रं वाळत होती. ट्रंकेतला खालचा थर तर गेलाच. ह्यांची मार्कशीटं एकमेकांना अशी चिकटली की आता ती एकच जाड परीक्षा आहे.

उरलेलं सगळं हिरव्या नाड्यांच्या फायलींत भरून ठेवलं होतं. आता पुन्हा पाऊस तोंडावर आलाय. लेक फोनवर म्हणाली, "आई, यंदा कागद नको, पेपरलेस हो." हो म्हटलं. आज स्कॅन झाले अकरा कागद. त्यातले चार तिरके.

सोमवार

आज स्कॅन कमी, टाचण्या जास्त.

जुन्या माणसांना स्टेपलर मिळाला नव्हता, किंवा मिळून पटला नव्हता. प्रत्येक गठ्ठ्याला टाचणी, प्रत्येक टाचणी गंजलेली, आणि गंज कागदात मुरलेला. ओढली तर कागदाचं भोक मोठं होतं, म्हणून आधी नखाने सैल करायची, मग हळूच फिरवत काढायची. एक जरी आत राहिली तर स्कॅनरच्या काचेवर ओरखडा कायमचा. सासूबाईंनी स्टीलची वाटी आणून दिली. संध्याकाळपर्यंत अर्धी भरली.

एक गोष्ट लवकर कळली ते बरं झालं. फाइल लहान होते म्हणून मी आधी काळं-पांढरं ठेवलं होतं. दांडियाबाजारच्या घराची वेरा (कर) पावती स्कॅन केली, अक्षरं अशी खणखणीत की वाटलं नवी छापली. मग मूळ कागद हातात घेतला तर त्यावर जांभळा शिक्का होता, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने सासऱ्यांनी लिहिलेलं, "भरणा सदूकडून." स्क्रीनवर दोन्ही नाही. फिकट ते सगळं यंत्राने मळ समजून पुसून टाकलं. तेव्हापासून रंगीत आणि 300 डीपीआय, म्हणजे इंचाला 300 ठिपके. एका ए-फोर पानाचे 2480 गुणिले 3508 ठिपके होतात, जागा खातं, खाऊ दे.

दुकानांच्या छापील पावत्यांवर मात्र वेळ घालवायचा नाही असं ठरवलंय. त्यांत शाई नसतेच, कागदालाच उष्णता देऊन काळं केलेलं असतं. मिक्सरची वॉरंटी पावती काढली तर नुसतं पिवळट कोरं. मिक्सरही आता नाहीच म्हणा.

मंगळवार, वटपौर्णिमा

सकाळी वडाची पूजा, आंबे, सूत, कोपऱ्यावरच्या वडाला आमच्याबरोबर गुजराती बायकांचीही गर्दी. घरी येऊन जेवणं उरकली आणि सासूबाई आपण होऊन टेबलाशी येऊन बसल्या. शहाऐंशी वर्षांच्या आहेत, दुपारी झोपतात. आज झोपल्या नाहीत.

खरं कारण मी होते. सकाळी त्यांच्यासमोर फाइलला नाव दिलं होतं, "स्कॅन 0047." त्या म्हणाल्या, "असं काय नाव? कैद्याला देतात तसं."

मला लागलं ते. लायब्ररीत असं कोणी केलं असतं तर मी उभंच केलं असतं. ह्याच गावात, मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीसाठी, सयाजीराव महाराजांनी 1910 साली अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल आणला. त्याने पुस्तकं विषयवार लावायच्या ड्यूईची पद्धत आणि कटरची पद्धत अशा दोन अमेरिकन पद्धती एकत्र करून बडोद्याला सोसेल असं स्वतंत्र वर्गीकरण बसवलं. आणि मी घरात बसून शून्य शून्य सत्तेचाळीस.

तर पद्धत ठरली. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग काय आहे, मग कोणाचं. ह्याच क्रमाने, कारण मग कॉम्प्युटर आपोआप तारखेने ओळीत लावतो. आता नाव द्यायचं म्हणजे कागद वाचायला हवा. आणि इथेच गाडी अडली. कागदावर जे असतं ते त्याचं नाव नसतं.

उदाहरणार्थ, 1961 ची एक पावती. एकशे दहा रुपये मिळाले, सही, बस. कसले, कोणाला, काही नाही. मी "संकीर्ण" लिहायला घेतलं. (संकीर्ण हा लायब्ररीतला कचऱ्याचा डबा असतो, फक्त त्याला दार असतं.) सासूबाईंनी कागद उजेडाकडे धरला.

"ही विहिरीच्या मोटरची. तुझ्या सासऱ्यांनी मला विचारलं नव्हतं. माझ्या पाटल्या मोडायच्या होत्या त्या वर्षी, त्यातले गेले."

"मग काय लिहू आई, मोटर की पाटल्या?"

"मोटर लिही. पाटल्यांची पावती कुठे दिली कोणी."

असे तीन तास. मी स्कॅन करायची, त्या सांगायच्या, मी टाइप करायची. लाटणं-पोळपाटासारखं बसलं काम. तिसऱ्या तासाला त्या एका लाईटबिलावर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे ठेवायचं कशाला?" मलाही माहीत नव्हतं. फाडलं. दोघींना हलकं वाटलं.

गुरुवार

वाईट दिवस. लिहून टाकते म्हणजे झोप येईल.

सकाळी साठेक पानं सलग केली. ह्यांची पेन्शनची फाईल, दवाखान्याचे जुने कागद. चहाला उठले तेव्हा सहज मोठं करून बघितलं, तर प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत एक बारीक उभी रेघ, सरळ, फूटपट्टीने ओढल्यासारखी. कागद सरकतो आणि काच जागेवर असते, त्यामुळे काचेवर धुळीचा एक कण बसला की तो पानभर रेघ होऊन उतरतो. उघडून बघितलं तर गंजाची भुकटी. टाचण्या काढल्या पण त्यांचा भुगा कागदावर राहिला होता. मऊ कापडाने पुसलं, आणि साठच्या साठ पुन्हा. आता कागद आधी रंगाच्या कोरड्या ब्रशने झटकते.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं.

चुलत सासऱ्यांचं एक पत्र होतं. 1948 चं, पुण्याहून आलेलं, निळा पातळ कागद, चार घड्या. घडीवर कागद जवळजवळ नव्हताच, नुसती वीण होती. मला माहीत होतं. असे कागद रोलरमधून घालायचे नसतात. पारदर्शक पाकिटात ठेवून घालायचे, किंवा खिडकीशी ठेवून मोबाईलने फोटो काढायचा. हे सगळं मी दुसऱ्यांना सांगत आले आहे. पण हाताला लय लागली होती, पुढचा कागद, पुढचा कागद, आणि हे पण सरकवलं. अर्धं गेलं आणि आवाज बदलला. रोलरने खालचा भाग ओढला, वरचा माझ्या बोटांत राहिला. मध्ये "चिरंजीव" ह्या शब्दाचे दोन तुकडे.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "जाऊ दे, आत फोटो आला ना?" आला होता. अर्ध्याच पानाचा, ताणलेला, खाली निळा पट्टा.

तुकडे काचेखाली जुळवून मोबाईलने फोटो काढलाय. जिथे कागद काचेला नीट चिकटला नव्हता तिथेही अक्षर साफ आलं. हा छोटा स्कॅनर असला असता तर तेवढं धूसर आलं असतं, कारण ह्याचा डोळा काचेच्या अगदी लगत, जरा उचललेलं त्याला दिसत नाही. सासूबाईंची पत्रिकाही अशीच काढली. ती तर गुंडाळी, हातभर लांब, कोपऱ्यांना हळदीकुंकू. पाच फोटो.

चिकटपट्टी लावली नाही. ती लावायचा मोह फार झाला होता. काही वर्षांत पिवळी पडून कागदच खाते.

शनिवार

कालपासून एक नवीन खेळ. स्कॅन केलेल्यातली अक्षरं कॉम्प्युटरला ओळखायला लावायची, म्हणजे पुढे शोधता येईल. त्याला भाषा आधी सांगावी लागते. छापील मराठी बरं वाचतो, टंकलेखन केलेलंही. "भाडेकरू" चा "भाडेकर" केला आणि एका ठिकाणी "श्रीमंत सरकार" चं "श्रीमत सरकार," ते तर खरंच वाटलं. पण बडोद्याचा कागद एका भाषेत असेल तर शपथ! छापील भाग गुजराती, शिक्का इंग्रजी, मार्जिनमध्ये मराठी, आणि सही कशातच नाही. मराठी निवडली की गुजरातीचा चिवडा करतो. दोन्ही निवडल्या की बरं, पण हातानं लिहिलेल्यापुढे हात टेकतो. बिचाऱ्याला दोष नाही, सासऱ्यांचं अक्षर सासूबाईंनाही लागायचं नाही.

दुपारी पस्तीवाला, म्हणजे रद्दीवाला, आला. झेरॉक्सच्या झेरॉक्स, बंद झालेल्या खात्यांची पासबुकं, 1990 च्या दशकातली सगळी लाईटबिलं. पासबुकांचे नंबरवाले भाग आधी फाडून घेतले. तराजूत नऊ किलो भरले. तेवढ्या कागदांची फाइल सगळी मिळून माझ्या नखाएवढ्या कार्डात, एक प्रत लेकीकडे, एक ह्यांच्या भावाकडे नडियादला. एकाच गावात दोन्ही प्रती ठेवायच्या नाहीत एवढं नदीने शिकवलं.

मूळ कागदांची एक फाईल मात्र राहणार. घराचा दस्तावेज, जन्माचे दाखले, सासऱ्यांचं मृत्युपत्र. लेक म्हणते सगळं डिजिटल चालतं. सगळं नाही चालत. मृत्युपत्र तर 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानेच बाहेर ठेवलंय. आणि गेल्या महिन्यात एका कचेरीत मी फोनवर दस्तावेज दाखवला तेव्हा खिडकीतला माणूस माझ्याकडे बघून हसला, रागाने नाही, एखाद्या मुलाने खेळण्यातले पैसे पुढे केले तर हसतात तसा. ती फाईल प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून माळ्यावर. दिवाणाखाली काहीही नाही आता, फक्त चपला.

शेवटी उरला एक कागद. ट्रंकेत सगळ्यांत वर होता म्हणून वाचला. जाड, हातकागद वाटतो, आणि सगळा मोडीत. एकही शब्द तोडलेला नाही, ओळच्या ओळ एका दमात. आमच्या घरात मोडी वाचणारं शेवटचं माणूस माझे आजेसासरे. कॉम्प्युटरला तर विचारायलाच नको. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, जागा मिळाली ती 2014 साली, पण म्हणून हे यंत्र ती वाचेल असं नाही. त्याने ह्या कागदाचं जे वाचून दाखवलं त्यात तीन स्वल्पविराम आणि एक आठ होता.

पाकिटात घालून, श्वास धरून, एकदाच स्कॅन केला. छान आला.

"आई, ह्यात काय आहे?"

"मला काय ठाऊक. सासूबाई म्हणायच्या, गावाकडच्या आंब्याचा कागद आहे. बांधावरचा आंबा कोणाचा म्हणून भांडण होतं. बाबाशाही रुपयांत मिटलं."

बाबाशाही म्हणजे आपल्याच बडोद्याचा जुना रुपया, विसावं शतक उजाडता उजाडता चलनातून गेलेला. म्हणजे सव्वाशे वर्षांचा तरी असणार कागद, जर आंब्याचाच असेल तर. "पण त्यांनी तरी वाचला होता का?" म्हटलं.

"त्यांनी? छे. त्यांना त्यांच्या सासूने सांगितलं."

मोडी वाचणारं कोणीतरी शोधायला हवं. युनिव्हर्सिटीकडे विचारीन, पाऊस थांबला की. तोवर फाइलला नाव तर द्यायला हवं. वर्ष माहीत नाही, तिथे चार शून्यं टाकली. पुढे लिहिलं, "मोडी, आंबा?" आणि एंटर दाबलं, तर कॉम्प्युटर म्हणाला की नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. दोनदा करून बघितलं.

सासूबाई म्हणाल्या, "मग बहुतेक लिही."

"0000, मोडी, बहुतेक आंबा." घेतलं त्याने.