चिल्का सरोवर: मंगलाजोडीचे पक्षी आणि सातपाड्याचे डॉल्फिन

ओडिशातील चिल्का सरोवर पाहणारे बहुतेक मराठी पर्यटक पुरीच्या जगन्नाथाचे दर्शन झाले की सातपाड्याला जातात, मोटरबोटीतून डॉल्फिन पाहतात आणि संध्याकाळी पुरीला परततात. आम्ही मुद्दाम आधी सरोवराच्या उत्तर काठावरचे मंगलाजोडी गाठले आणि मग सातपाडा. एकाच सरोवराच्या दोन काठांवर पर्यटन किती वेगळ्या रीतीने चालते हे त्यामुळे नीट कळले. पुढे जाणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मंगलाजोडी भुवनेश्वरपासून साधारण ७० किलोमीटरवर, राष्ट्रीय महामार्गावरील टांगीजवळ आहे. मुंबई-पुण्याहून कोणार्क एक्सप्रेसने भुवनेश्वरला उतरून तेथून गाडी ठरवणे सर्वांत सोयीचे. मुक्काम मात्र गावातच करावा, कारण सूर्योदयाला नावेत बसायचे असेल तर भुवनेश्वरहून भल्या पहाटे अंधारातच निघावे लागते. गावात साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात आणि तिथे राहिले तर पैसे गावातच राहतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम आहे. त्यातही डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पक्षी सर्वाधिक असतात, पण शनिवार-रविवार आणि नाताळची सुटी टाळावी.

येथील दलदलीत मोटर चालत नाही. नावाडी लांब बांबूने नाव रेटत नळगवतातील अरुंद पाणवाटांनी नेतो, आणि आवाज नसल्यामुळे काळ्या शेपटीचे गॉडविट, शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या व मोर शराटी आपापले चरणे न सोडता काही हातांच्या अंतरावर राहतात. चक्रवाक आणि तलवार बदकांचे थवे मोकळ्या पाण्यात दूर बसतात. त्यांच्यासाठी दुर्बीण हवीच. आमच्या नावाड्याला प्रत्येक पक्ष्याचे इंग्रजी नाव पाठ होते, तो हिंदीत बोलत होता, आणि कोणता पक्षी कुठल्या वेळी कुठे उतरतो हे त्याला पुस्तकाविना माहीत होते.

या ज्ञानाचे मूळ शिकारीत आहे. १९९०च्या दशकात हे गाव पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी कुप्रसिद्ध होते. जाळी लावून आणि आमिषात विष कालवून पक्षी मारले जात आणि आसपासच्या बाजारांत मांस म्हणून विकले जात. वाइल्ड ओरिसा या संस्थेच्या पुढाकाराने २००० च्या सुमारास गावात श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली आणि ज्यांनी जाळी टाकली त्यांच्यातीलच अनेकजण पहारेकरी झाले. पुढे समूहाने चालवलेल्या पर्यटनाने नावाडी व मार्गदर्शक म्हणून त्यांना हंगामी उत्पन्न मिळाले. येथे पर्यटक संरक्षणाच्या आड येत नाही, उलट त्याच्या पैशावर संरक्षण बरेचसे उभे आहे. म्हणूनच नाव ठरवताना घासाघीस करू नये आणि रस्त्यात अडवून स्वस्त फेरी देऊ करणाऱ्याऐवजी समूहाच्या केंद्रातूनच तिकीट घ्यावे.

हा समतोल नाजूक आहे, हेही सांगितले पाहिजे. उड्डाणाचे छायाचित्र मिळावे म्हणून थव्याच्या थेट अंगावर नाव न्यायला सांगणारे पर्यटक आम्ही पाहिले. नावाडी एकदा नाही म्हणतो, पण बक्षिसीचा मोह दाखवला की त्याचीही पंचाईत होते. दूरच्या उत्तरेकडून हजारो किलोमीटर उडत आलेल्या पक्ष्याला परतीच्या प्रवासासाठी येथे चरबी साठवायची असते. प्रत्येक विनाकारण उड्डाणात तीच खर्ची पडते. आपल्याकडे भिगवणला फ्लेमिंगोंच्या बाबतीत नेमका हाच हट्ट धरला जातो, त्यामुळे मराठी छायाचित्रकारांनी हे विशेष मनावर घ्यावे.

सरोवराची मूळ प्रकृती समजल्याशिवाय सातपाड्याचे महत्त्व कळत नाही. चिल्का हे खाडीसारखे निमखारे सरोवर आहे. दया, भार्गवी अशा नद्यांमधून महानदीचे गोडे पाणी आणि गाळ येतो, तर समुद्राच्या मुखातून खारे पाणी. पावसाळ्यात त्याचा विस्तार हजार चौरस किलोमीटरच्या पुढे जातो. १९८१ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून घोषित झाले. पुढे गाळाने मुख कोंडले, खारेपणा घटला, पाणवनस्पती माजल्या, मासळी कमी झाली आणि १९९३ मध्ये त्याची नोंद धोक्यातील पाणथळांच्या माँट्रो यादीत झाली. सप्टेंबर २००० मध्ये चिल्का विकास प्राधिकरणाने सातपाड्याजवळ नवे मुख उघडले. वर्षाला १,७०० टनांच्या आसपास घसरलेली मासळी दोन-तीन वर्षांतच दहा हजार टनांच्या पुढे गेली आणि २००२ मध्ये सरोवराचे नाव त्या यादीतून निघाले. आज सातपाड्याला दिसणारे इरावती डॉल्फिन याच खाऱ्या-गोड्या पाण्याच्या मेळावर जगतात. त्यांची संख्या दीडशेच्या आसपास आहे आणि जगभरात ही जात संकटग्रस्त मानली जाते.

या मोजक्या डॉल्फिनांभोवती लांब दांड्याच्या मोटरबोटी फिरतात. डॉल्फिन आवाजाच्या आधारे वाट आणि भक्ष्य शोधतो, श्वासासाठी वर येतो, आणि त्याच क्षणी चारही बाजूंनी इंजिनांचा गोंगाट होतो. इंजिनाच्या पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचा मार बसण्याचा धोका वेगळाच. अंतर राखावे, पाठलाग करू नये, असे नियम आहेत. ते किती पाळले जातात हे प्रवाशांच्या मागणीवर ठरते. आम्ही निघण्यापूर्वीच नावाड्याला स्पष्ट सांगितले की डॉल्फिन दिसले नाहीत तरी ठरलेले पूर्ण भाडे देऊ, फक्त लांबूनच इंजिन बंद करावे. त्याला हायसे वाटलेले दिसले. नाव स्थिर झाल्यावर थोड्या वेळाने राखाडी, गोल डोक्याचे दोन डॉल्फिन आपणहून पुष्कळ जवळून गेले. तुम्हीही सकाळी लवकर, वारा पडलेला असताना जा आणि हेच वाक्य आधी बोला.

समुद्रमुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर बोटी थांबतात. तेथे शिंपले फोडून मोती काढून दाखवणारे आणि बादलीत लाल खेकडे धरून ठेवणारे विक्रेते असतात. मोती घेऊ नयेत आणि खेकड्यांच्या छायाचित्रासाठी पैसे देऊ नयेत, कारण त्याच पैशासाठी ते जीव पकडले जातात.

नलबन अभयारण्याचे बेट दुरूनच पाहावे. पक्ष्यांच्या हंगामात तेथे उतरण्याचा आग्रह धरू नये. नावेत सावली नसते, म्हणून टोपी, पुरेसे पाणी आणि मळकट रंगाचे कपडे असावेत. पाण्याची बाटली धातूची घ्यावी, कारण नळगवतात अडकलेले प्लास्टिक कोणी काढू शकत नाही. पुरीला परतायचे नसेल तर सातपाड्याहून जान्हीकुडाला जाणारी फेरी बोट वाहनेही नेते; तिने पलीकडे उतरून रंभामार्गे ब्रह्मपूरला जाता येते आणि तेथे परतीची कोणार्क एक्सप्रेस मिळते. फेरीची वेळ मात्र आदल्या दिवशी धक्क्यावर विचारून घ्यावी.