श्रीखंडाच्या डब्यातलं मेडिकल

बुधवार, रात्रीचे साडेअकरा

खोली आवरताना श्रीखंडाचा जुना डबा हाती लागला. नर्सिंग होस्टेलातल्या आमच्या मजल्याचं हे मेडिकल. पॅरासिटामॉल, पाळीच्या गोळ्या, ॲसिडिटीचं पँटोप्राझोल आणि तळाशी अझिथ्रोमायसिन ५०० या अँटिबायोटिकच्या दोन. पाचच्या पट्टीतून मेडिकलवाल्याने तीन कापून दिल्या होत्या, त्या कापाकापीत एक्स्पायरी गेली आणि लाल रेघही. चिठ्ठीशिवाय घेऊ नका सांगणारी तीच रेघ, जी मी गेल्या महिन्यात वॉर्डात चार्ट धरून नातेवाइकांना दाखवली होती. वर "काकू, बरं वाटलं तरी कोर्स अर्धा सोडायचा नाही हं."

आणि तिसरी गोळी? मीच खाल्ली, पावसाळ्यात घसा धरला तेव्हा. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं, उरलेल्या दोन डब्यात. फार्माकोलॉजीत मला बरे मार्क आहेत, हेही लिहून ठेवते.

पेनकिलरचं तर विचारूच नका. सकाळची ड्यूटी, नाश्ता हुकलेला, उपाशीपोटी गोळी. दुपारी छातीत जळजळ, की पँटोप्राझोल. रुग्णाला मात्र "जेवून घ्या बरं का."

नऊच्या सुमारास फर्स्ट इयरची एक दारात. "ताई, घसा दुखतोय, अझिथ्रो आहे ना?" ताप नव्हता, नाक वाहत होतं, आवाज बसलेला. बहुतेक व्हायरल, त्याला अँटिबायोटिक काय करणार? म्हटलं, उद्या ओपीडीत दाखव.

"उद्या वॉर्डात पोस्टिंग आहे ताई."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. केसपेपर, रांग, पुन्हा औषधाची खिडकी, अर्धा दिवस गेलाच. नर्सिंग काउन्सिलच्या नियमाने परीक्षेला ८० टक्के हजेरी चालते, पण पदवीआधी क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डातल्या कामाचे तास १०० टक्के भरावेच लागतात. सगळ्या घरी गेल्यावर रिकाम्या होस्टेलात राहून तास भरणाऱ्या सीनियर पाहिल्यात मी. आजारी पडणं आम्हाला महागात पडतं, गोळी स्वस्त.

तिला मिठाच्या गुळण्या सांगितल्या, एक पॅरासिटामॉल दिली. तोंड पाडूनच गेली. शेजारच्या खोलीचं दार वाजलेलं ऐकलं मी. तिथेही एक डबा आहे.

त्या दोन गोळ्या टाकून देणार होते. अजून टेबलावरच आहेत. सोमवारपासून माझी नाइट आहे आणि घसा सकाळपासून जरा खवखवतोय.