गवती चहा लावू की वाळा?

मे संपत आला की नर्सरीत ही दोन्ही गवतं काळ्या पिशव्यांमध्ये शेजारी शेजारी मांडलेली दिसतात आणि लांबून बघितलं तर सारखीच वाटतात, लांब हिरवी पाती, एक झुबका, बस. मग ओळखीतलं कुणीतरी फोटो पाठवून विचारतं की ह्यातलं सोपं कुठलं, गॅलरीत कुठलं येईल, दोन्ही वासाचीच ना. हो, दोन्ही वासाचीच, पण गवती चहाचा वास पातीत असतो आणि वाळ्याचा मुळात, आणि खरं सांगू का, पुढची सगळी काळजी म्हणजे कुंडी केवढी, पाणी किती, छाटायचं कधी, हे ह्या एकाच गोष्टीवरून ठरतं. एकाचं पीक जमिनीच्या वर, दुसऱ्याचं खाली. एवढं डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न विचारायची गरजच पडत नाही.

नर्सरीत ओळखायचं कसं, तर पात चुरगाळून. गवती चहाची पात चुरगाळली की लगेच लिंबासारखा वास येतो. वाळ्याची चुरगाळली तर नुसता गवताचा वास, काहीच नाही, आणि लोकांना वाटतं माल खराब आहे. खराब नाहीये, वास खाली आहे आणि तोही मूळ चांगलं वयात आल्यावर. आता ह्यात तिसरा एक भिडू घुसतो तो म्हणजे सिट्रोनेला. तो गवती चहा म्हणून सर्रास खपवला जातो, दिसतो तसाच, पण बुंधा जरा लालसर असतो आणि वास डासांच्या क्रीमसारखा. लावायला हरकत नाही पण चहात घातला तर चहा ओतून द्यावा लागेल. म्हणून विकत घ्यायच्या आधी एक पात तोडून नाकाला लावा, नर्सरीवाला काही बोलत नाही.

दोन्ही गवतं ऊस आणि ज्वारीच्या भाऊबंदकीतली, त्यामुळे ऊन पाहिजेच. पाच-सहा तास कडक ऊन नसेल तर दोन्ही जगतील पण नुसती जगतील. उत्तरेकडच्या गॅलरीत, इमारतीच्या सावलीत वाळा लावायचा विचार असेल तर सोडून द्या, सावलीत त्याला फुटवेच येत नाहीत नीट. गवती चहा त्यामानाने थोडी सावली चालवून घेतो पण पाती लांबट, लेचीपेची होतात आणि वासही फिका.

लावायची पद्धत दोन्हीची एकच, बियांच्या नादी लागायचं नाही, ठोंब आणायचे. आपल्याकडचा घरगुती गवती चहा फुलावर येतच नाही जवळजवळ, आणि दक्षिणेकडचा जो वाळा बांधावर लावतात तो बी धरत नाही. (उत्तर भारतातला जंगली वाळा फुलतो आणि बीही धरतो, तो वेगळा.) जुनं बेट उपटायचं, हाताने फोडून दोन-तीन फुटव्यांचा एकेक ठोंब करायचा, वर वीतभर पात ठेवून बाकी कापून टाकायची, मुळं चार बोटं ठेवायची आणि पहिला चांगला पाऊस झाला की लावून टाकायचं. पहिले काही दिवस पिवळं पडतं, घाबरायचं नाही, मधून नवीन कोंब निघतो. आणि शेजारचे जे म्हणतात की गवत लावलंस, आता सगळीकडे पसरेल, त्यांना सांगा की हे हरळी किंवा लव्हाळा नव्हे. दोन्ही बेट करून एका जागी बसतात, जमिनीखालून धावत नाहीत.

आता कुंडी. गवती चहाला बारा-चौदा इंची, रुंद, खाली भोकं मोकळी असलेली कुंडी बास. मुळं वरच्या थरातच असतात. ह्याला पाणी आवडतं पण साचलेलं पाणी अजिबात नाही, पावसाळ्यात कुंडीत पाणी तुंबलं की बुंधा सडतो आणि पाती मुळापासून उपटून हातात येतात. काळी माती असेल तर निम्म्याला निम्मी वाळू आणि शेणखत मिसळा. उन्हाळ्यात शेंडे करपतात, ते पाणी कमी पडल्याचं लक्षण, करपलेले शेंडे कापून टाका आणि एक दिवसाआड भरपूर पाणी द्या. पावसात पातींवर तांबूस ठिपके आले तर तांबेरा, त्या पाती काढून टाकायच्या आणि बेट जरा मोकळं करायचं म्हणजे वारा खेळतो.

वाळ्याचं प्रकरणच वेगळं. चांगल्या मोकळ्या जमिनीत ह्याची मुळं पहिल्याच वर्षी तीन मीटरपर्यंत सरळ खाली जातात. तुम्ही त्याला बारा इंची कुंडी दिली तर तो मरणार नाही, तो मरतच नाही सहसा, पण मुळं आतल्या आत गोल फिरून कुंडीच फोडायला निघतात आणि हाताला धड काही लागत नाही. माझ्या मते कुंडीत वाळा शोभेसाठीच. मुळं हवी असतील तर धान्याचं जुनं पोतं किंवा उंच ड्रम घ्या, त्यात वाळू जास्त, माती कमी, थोडं कुजलेलं खत, आणि दीड वर्ष विसरून जा. नंतर पोतं सरळ उभं फाडायचं आणि पाण्याच्या पाईपने माती धुवून टाकायची, मुळांचा गुच्छ आख्खा मिळतो. जमिनीत लावलेला वाळा खणून काढणं म्हणजे पहार, कुदळ आणि दोन माणसं, त्यात काळ्या मातीत असेल तर अर्धी मुळं तुटून आतच राहतात. म्हणून शेती करणारे वाळूमिश्रित जमीनच बघतात. पाण्याचं म्हणाल तर पहिला पावसाळा निघाला की हे गवत दुष्काळातही तग धरतं आणि गुडघाभर पाण्यातही उभं राहतं. सांडपाणी शुद्ध करायला तरंगत्या तराफ्यांवरसुद्धा वाळा लावतात, एवढं ते चिवट.

छाटणीत लोक दोन्हीला एकच कात्री लावतात आणि तिथे फरक पडतो. गवती चहाला लावल्यापासून चार-पाच महिने हात लावू नका, मग जमिनीपासून चार-सहा बोटं वर ठेवून विळ्याने कापा, आणि पुढे दर दोन-अडीच महिन्यांनी कापत राहा. कापलं नाही तर मधली पाती वाळून बेट भुंडं दिसायला लागतं. दोन-तीन वर्षांनी बेटाचा मधला भाग मरतो, तेव्हा उपटून परत ठोंब करायचे. पाती सारखी कापतोय म्हटल्यावर खतही वरचेवर लागतं, प्रत्येक कापणीनंतर ओंजळभर शेणखत किंवा जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आंबवून केलेलं पातळ खत) द्या. वाळा मात्र फूट-सव्वा फुटावरच कापायचा, तेही वर्षातून दोन-तीनदा, फुटवे वाढावेत म्हणून. बुडापासून कापू नका. मुळं पोसायची असतील तर पाती शाबूत पाहिजेत, अन्न तिथेच तयार होतं ना. कापलेली पाती झाडांखाली आच्छादनाला फार छान, लवकर कुजत नाही.

बांधाचं जरा सविस्तर सांगतो कारण खरी गंमत तिथे आहे. भोरकडे उतारावरच्या मुरमाड जागेत पावसाने माती वाहून जायची, तिथे आडव्या ओळीत, समपातळीवर, वीतभरापेक्षा कमी अंतरावर वाळ्याचे ठोंब लावलेत. दोन पावसाळ्यांत ओळ बंद होते, वाहून येणारं पाणी तिथे अडतं, हळू होतं, झिरपतं, आणि गाळ मागे साचत जातो, म्हणजे दगडी बांध न घालता आपोआप पायरी बनते. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या ग्रीनफिल्ड आणि ग्रिमशॉ ह्या दोघांनी भारतात ह्याचा बराच प्रसार केला, पण कर्नाटकात गुंडलूपेटच्या बाजूला शेतकरी त्याच्या कितीतरी आधीपासून शेताच्या हद्दीवर वाळा लावत आलेत. गवती चहा बांधावर लावला तर? लावा की, गुरं त्याला तोंड लावत नाहीत हा फायदा आहे, पण उथळ मुळांचा तो, जोराच्या पावसात त्याच्या भरवशावर माती सोडू नका.

आणि हे पण ठरवून टाका की वाळा बांधासाठी की मुळांसाठी. दोन्ही एकाच ओळीतून होत नाही. मुळं काढायला बांध खणला की माती परत मोकळी, पुढच्या पावसात गेली. माठात टाकायला जुडी हवी म्हणून बांधावरचा वाळा उपटू नये, त्यासाठी कोपऱ्यात वेगळं पोतं भरावं.

साप येतो का, हा प्रश्न येणारच. गवती चहाच्या वासाने साप येतो असं आमच्याकडेही म्हणतात. वासाने काही येत नाही, पण कुठलंही दाट वाढलेलं बेट म्हणजे बेडूक, उंदरांना आडोसा, मग त्यांच्या मागे साप येऊ शकतो. बूड साफ ठेवा, वाळलेली पाती काढत जा, आणि घराच्या दाराला अगदी चिकटून लावू नका.

वापराबद्दल थोडक्यात. गवती चहातलं तेल हलकं, पटकन उडून जाणारं, म्हणून पाती शेवटी टाकून झाकण ठेवायचं, दहा मिनिटं खळखळ उकळलं तर वास स्वयंपाकघरात आणि चहा तसाच. वाळ्याचं तेल जड, सावकाश सुटणारं, त्यामुळे अत्तरवाले दुसरे वास टिकवायलाही ते वापरतात. म्हणूनच धुतलेली, सावलीत वाळवलेली जुडी फडक्यात बांधून माठात टाकली की दोन-तीन दिवस वास देते, मग काढून वाळवून परत वापरता येते.

जागा एकच असेल आणि ती गॅलरी असेल तर गवती चहा, विचार करू नका. जागा उताराची असेल तर वाळा. मृगाचा पाऊस पडला की माझी दोन्हीची बेटं फोडायची आहेत, कुणाला ठोंब हवे असतील तर खाली कळवा, येताना जाड कापडी पिशवी आणा आणि फुल बाह्यांचा शर्ट घाला, पातीच्या कडा हात कापतात.